सतरा नंबरच्या पट्टीवरच्या खुणा

मी एक जुनी प्लॅस्टिकची पट्टी आहे, मित्रांनो. जुनी म्हटलं म्हणून हसू नका. वय पाह्यलं तं चारच वर्षं झाले, पण जे पाह्यलं ते इतकं भरभर पाह्यलं का मलेच अजून नीट समजलं नाही. म्हणूनच तं तुम्हाले सांगून राह्यली. सांगता सांगता तरी समजन.

एसटीच्या तिकिटापेक्षा थोडीशी मोठी, काचेसारखी आरपार, आन् कोपऱ्यात काळ्या शाईनं सतरा लिहिलेली, अशी मी. सतरा हेच माझं नाव. एका थानातून कापड फाडावं तशा एका मोठ्या गुंडाळीतून आम्ही चाळीस बहिणी कापल्या गेलो. बाकीच्यायले कोणते नंबर भेटले, कोणत्या गावी गेल्या, काहीच ठाऊक नाही. मले पाकिटात भरलं, विमानात घातलं, आन् पाकीट उघडलं तं मी परदेशात, एका गोल लोखंडी डब्याच्या आत.

आता इथून पुढचं ध्यान देऊन ऐका, कारण मीच गोंधळते.

डब्यातली हवा काढून घेतली. समोर बिस्मथ नावाच्या धातूचा पापुद्रा होता, फुंकर मारली तं फाटन एवढा बारीक, आन् तो धरायले एक जाडशी चौकट. चौकटीची कड अशी ठेवली होती का पापुद्र्यातून जे काही उडन ते माझ्या उजव्या अर्ध्या आंगावर सरळ येऊन लागन, आन् डाव्या अर्ध्याच्या आड चौकट येईन. म्हणून उजवी बाजू उजेडाची आन् डावी सावलीची. तसा डब्यात उजेड नव्हताच, सगळा अंधार, पण सगळे सावलीच म्हणत, मंग मीही म्हणते.

मंग यंत्रातून प्रोटॉनचा झोत सुटला आन् त्या पापुद्र्यावर आपटला. उजव्या बाजूनं मले लागायलेच लागलं, लाखानं, मोजायची सोय नाही. डावी बाजू शांत. मी म्हटलं, बरं झालं बाप्पा, अर्धं आंग तरी वाचलं. तेवढ्यात डाव्या बाजूले एक लागलं. जिथं लागायलेच नको तिथं. मंग किती तरी वेळानं दुसरं. हे कोठून आलं? चौकट तं मधात उभी. कोणाले इचारावं तं कोणीच नाही. तेवढ्यात झोत बंद झाला, मले काढलं, पाकिटात घातलं, आन् पाकीट आलं यवतमाळले.

यवतमाळच्या एका कॉलेजात, कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या मागच्या बाजूले, भौतिकशास्त्राची प्रयोगशाळा आहे. तिथं रूपसिंग राठोड सर शिकवतात. माझ्यासारख्या पट्ट्या तपासायचं काम चार-पाच कॉलेजायनं वाटून घेतलं होतं, त्यातली एक पट्टी सरायनं मोठ्या खटपटीनं मागून घेतली. ती मी. तपासायचं काम पायलकडं. पायल एम.एस्सी.ची पोरगी, रोज राळेगावहून एसटीनं येते, आन् बसमध्ये जागा नाही भेटली तं उभ्यानंच वही वाचते. लिहून घ्यायले तिचा वर्गमित्र नयन.

डिसेंबरातल्या एका सकाळी पाकीट उघडलं, मले टेबलावर काचेच्या बशीत ठेवलं, आन् सरायनं सगळ्यायले मोठ्यानं सांगतलं, "याले कोणी हात लावायचा नाही."

सगळे हो म्हणले. काहून लावायचा नाही, हे कोणी इचारलं नाही आन् सरायनंही सांगतलं नाही.

सगळे तासाले निघून गेले. खिडकी उघडी होती. जिनिंग सुरू होती, त्यामुळे हवेत कापसाचे बारीक तंतू उडून राह्यले होते, ते माझ्यावर येऊन बसले. मंग झाडू घेऊन तुळसाबाई आल्या. प्रयोगशाळा झाडणं, काचेची भांडी धुणं, सगळं त्यायच्याकडं. त्यायनं मले पाह्यलं, वाकून पाह्यलं, आन् मंग माझ्यावर काही तरी मऊ मऊ फिरलं. एकदा, दोनदा, तीनदा. लय बरं वाटलं, खरं सांगते. एवढ्या मारामारीनंतर पहिल्यांदा कोणी मायेनं हात फिरवला. म्हणजे हात नाही. जे होतं ते.

दुपारी पायलनं मले कॉस्टिक सोड्याच्या गरम पाण्यात बुडवलं. चांगले सहा तास. त्यात माझी कातडी थोडी थोडी विरघळे, आन् जिथं जिथं मार बसला होता तिथं जास्त विरघळे, तं प्रत्येक माराच्या जागी एक बारीक खड्डा तयार झाला. हेही मले अजबच वाटते. मार बसला परदेशात, तवा काही दिसलं नाही, आन् जखम दिसली यवतमाळात. मंग धुऊन, वाळवून, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं आन् मोजणी सुरू झाली.

पहिल्याच दिवशी नयन म्हणला, "पायल, एक सांग. हे खड्डे मोजून काय भेटते आपल्याले?"

"आयुष्य भेटते."

"कोणाचं, आपलं?"

"आपलं कायले, गाभ्याचं," पायल म्हणली. "अणूच्या गाभ्यात नेहमीचे कण असतात नं. झोत लागला का एखाद्या वेळी त्यातल्या एकाच्या जागी लॅम्डा नावाचा पाहुणा येऊन बसते, आन् झोताच्या जोरानं तो गाभा पापुद्र्याबाहेर उडते. पाहुणा काही टिकत नाही. शेजाऱ्याले असा धक्का देते का आख्खा गाभाच फुटून दोन तुकडे होते. तो किती वेळ टिकला, ते शोधायचं हाये."

"घड्याळ लावा मंग."

"लाव तू. एका सेकंदाचे लाख कोटी तुकडे कर, त्यातले शे-दोनशे तुकडे जगते तो."

नयन वहीवर शून्य मोजाले लागला.  मी तं अजून लाख कोटीतच अटकली होती.

"भिंतीपलीकडून कोणी फटाका फेकला असं समज," पायल म्हणली. "हातातच फुटला तं भिंतीच्या आडोशाले बसलेल्या माणसाले काही लागत नाही. पण जो फटाका भिंत ओलांडून मंग फुटला, त्याचे तुकडे आडोशालेही येतात. जेवढा जास्त टिकला तेवढे तुकडे आडोशाच्या आतपर्यंत येतात. ही चौकट म्हणजे भिंत. सतराची डावी बाजू म्हणजे आडोसा. तिथं पडलेला खड्डा म्हणजे पापुद्रा सोडूनही थोडा वेळ जिवंत राह्यलेला गाभा."

तवा कुठं मले समजलं का डाव्या बाजूले लागलं ते काय होतं. मले वाटलं होतं चुकून लागलं. ते तं कोणाचं तरी आख्खं आयुष्य होतं. त्या दिवसापासून मी माझ्या डाव्या बाजूले लय जपाले लागली, म्हणजे मनातल्या मनात, बाकी माझ्या हाती काय.

दोन महिने मोजणी चालली. पायल मोठ्या लेन्सनं एक-एक खड्डा पाहे आन् जागा सांगे, नयन लिहे. मंग नयन पाहे आन् पायल लिहे. सावलीत एकशे एकतीस निघाले. पायलचा चेहरा असा फुलला का इचारू नका. वर्गातल्या पोरी येऊन मले पाहून जात. एकीनं मोबाईलवर माझा फोटो काढला. मी फुगली. बहिणीयच्या आंगावर सावलीत साठ-सत्तरच खुणा होत्या असं ऐकलं, आन् मी मनात म्हटलं, पाहा, आपण कशा लाखात एक.

फक्त राठोड सर फुगले नाही. त्यायनं हिशोब मांडला आन् कपाळ चोळत बसले.

"पायल, हा पाहुणा गाभ्याच्या बाहेर मोकळा असला तं किती जगते?"

"त्या लाख कोटीतले दोनशे साठ तुकडे, सर."

"आन् आत शेजारी हायेत, धक्के हायेत, म्हणून लवकर गेला पाह्यजे. बाकीच्यायच्या पट्ट्यायवर दीडशेच्या जवळपास येऊन राह्यलं. आपल्या पट्टीवर किती?"

"पावणेतीनशे."

"म्हणजे घरात कोंबलेला पाहुणा मोकळ्यापेक्षा जास्त जगून राह्यला."

"सर, आपल्याकडचं पाणी पेलं असन त्यानं," नयन म्हणला.

सर हसले नाही. पायल म्हणली, "सर, मोजणी खरी हाये. दोघायनं येगयेगळी केली."

"मोजणी खरी असन. पण मोजलं काय?" सर म्हणले. "शनिवारी अमरावतीले सगळे कॉलेज बसणार हायेत. तिथं तुले उभं राहून आकडा सांगायचा हाये. खोटा निघाला तं पुढच्या पट्ट्या आपल्याले कोणी पाठवणार नाही. आन् खरा असून भीतीनं लपवला, तं तेही पापच."

पायलनं पुन्हा मोजलं. एकशे एकतीस. मंग पुन्हा. एकशे एकतीस. मलेही काही कळे ना. कोणी तरी मले इचाराले पाह्यजे होतं. पण इचारलं असतं तं म्या तरी काय सांगतलं असतं? लागल्या तवा मी जागी होती, पण कोणती खूण कवा पडली, हे कोण ध्यानात ठेवते? तुमच्या गुडघ्यावरचे सगळे व्रण तुम्हाले सांगता येतात का, कोणता कशाचा?

शुक्रवार आला. दुपारी पायल सूक्ष्मदर्शकासमोर डोकं धरून बसली होती, जेवणाचा डबा तसाच बंद. सर कोपऱ्यात पेपर तपासून राह्यले होते. तुळसाबाई झाडता झाडता थांबल्या.

"जेवली काहून नाही वं पोरी?"

"भूक नाही मावशी."

"त्या एवढ्याशा तुकड्यापाई? असं काय हाये तिच्यात?"

"या, पाहा तुम्हीच," पायल बाजूले सरकली.

नयन म्हणला, "मोठ्या लेन्सनं मावशीले एक भोक दिसन फक्त. छोटी लाव, जरा मोकळं दिसू दे त्यायले." आन् त्यानं छोटी लेन्स फिरवली. मित्रांनो, दोन महिन्यात माझ्यावर छोटी लेन्स कोणी लावलीच नव्हती.

तुळसाबाईनं चष्मा काढून हातात घेतला, डोळा लावला. लय वेळ पाहत राह्यल्या. मंग डोळा न काढताच इचारलं, "हे पुसलं कोनं?"

"कोणीच नाही पुसलं मावशी."

"पुसलं हाये. गोल गोल पुसलं हाये." त्या उठल्या, खिडकीपाशी गेल्या, आन् आपला चष्मा उजेडात धरला. "हे पाय. घरच्या कापसानं चष्मा पुसते नं मी, त्यातला पाल्याचा चुरा असा घासते. अशीच कमान पडते, टिंबाटिंबाची. त्या तुकड्यावरही डाव्या हातच्या बाजूले अशाच कमानी हायेत. तीन."

पायलनं पाह्यलं. नयननं पाह्यलं. मोठ्या लेन्सनं एक-एक टिंब दिसे, प्रत्येक टिंब गाभ्याच्या खड्ड्यासारखंच. छोट्या लेन्सनं पाह्यलं तं टिंबं रांगेत उभे. कापसातला बारीक कचरा माझ्यावर ठेचकाळत गेला, आन् जिथं जिथं टेकला तिथं कॉस्टिकनं खड्डा केला.

 मंग तुळसाबाईच बोलल्या.

"आता आठवलं. म्याच पुसलं. सरायनं सांगतलं होतं हात लावू नका, म्या हात लावलाच नाही. जिनिंगचे तंतू बसले होते तिच्यावर. म्हटलं पोरीचं काम हाये, घाण राह्यली तं बिघडन. कपाटातला कापूस संपला होता, सकाळी वावरात वेचणी करून आलती मी, ओटीत कापूस होता. त्यातलाच घेतला."

सरायचा पेन थांबला. मार्चात तुळसाबाईच्या कामाचा कागद नवा करायचा होता, आन् त्यावर सही सरायचीच. हे तुळसाबाईलेही ठाऊक होतं. तरी सांगतलं.

"दोन महिने गेले तुळसाबाई," सर म्हणले. आवाज चढला होता. "पोरीचे दोन महिने."

"मंग सांगतलं काहून नाही? का बाई, याच्यावर अशा अशा खुणा हायेत, घासलं तं नव्या पडतात? मी तं पुसायलेच ठेवलेली हावो इथं. पुसू नको म्हणायले काय जाते?"

 सर खुर्ची ओढून सूक्ष्मदर्शकापाशी बसले आन् किती तरी वेळ माझ्यावरून डोळाच काढला नाही.

संध्याकाळपर्यंत तिघायनं मिळून सगळ्या खुणा पुन्हा वाटल्या. बावन्न सरळ सरळ कमानीवर, त्या मावशीच्या. परदेशातून आली तवा माझ्या एका कडेले चिकटपट्टी लावलेली होती, ती पायलनं कॉस्टिकमध्ये बुडवतानाच काढली; तिच्याखाली कापूस पोचला नव्हता, तिथल्या एकोणीस नक्की गाभ्यायच्या. राह्यल्या साठ. त्या कमानीवर असतीलही, नसतीलही.

नयननं आकडेमोड केली आन् त्याचा चेहरा उजळला. "पायल, बावन्न काढून टाक. एकोणऐंशी राहतात. बाकीच्यायच्या जवळ जाऊन बसते आपला आकडा. कोणाले काही सांगायचं कामच नाही."

मी आयकून राह्यली होती. खरं सांगू? मले वाटलं, हो म्हण पायल. एकोणऐंशी काही वाईट नाही. बहिणीयच्या रांगेत तरी बसते मी.

पायलनं वहीतल्या त्या साठ खुणायवर बोट ठेवलं. मंग म्हणली, "त्या साठमधल्या किती खऱ्या, तुले ठाऊक हाये?"

"नाही. पण जवळ तं आला नं आकडा."

"जवळ आला म्हणूनच तं भीती वाटून राह्यली मले. आधी मोठा आकडा आवडला म्हणून सगळ्या मोजल्या. आता सगळ्यायसारखा आवडते म्हणून काढायच्या? मंग पट्टी कायले पाह्यजे? मनानंच लिहू नं."

नयन म्हणला, "मंग उद्या सांगशीन काय?"

तिनं कागद घेतला. लिहिलं, सतरा नंबरची पट्टी मोजणीतून काढावी, कॉस्टिकमध्ये टाकायच्या आधी ती वेचणीच्या कापसानं पुसली गेली. तुळसाबाई म्हणल्या, "माझं नाव लिही खाली." पायलनं सरायकडं पाह्यलं.

"‘आमच्याकडून पुसली गेली’ असं लिही," सर म्हणले. "आन् पहिली सही माझी घे."

शनिवारी मी पायलच्या पिशवीत बसून अमरावतीले गेली. मोठं सभागृह होतं. बाकीच्या कॉलेजायनं आपापले आकडे सांगतले, टाळ्या झाल्या. पायल उभी राह्यली आन् तिनं जे लिहिलं होतं तेच वाचलं. आमच्याकडं आकडा नाही म्हणली. पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या बाईनं इचारलं, "तुम्हाला कसं कळलं? मोठ्या लेन्सखाली तर हे दिसतच नाही."

"आमच्या प्रयोगशाळेत झाडणाऱ्या तुळसामावशी हायेत. त्यायनं ओळखलं."

मागं कोणी तरी हसलं. पण मी पिशवीतून नाही, आता पायलच्या हातातून पाहून राह्यली होती. म्या पाह्यलं का दुसऱ्या कॉलेजची एक पोरगी हळूच उठली, आपली पट्टी घेतली, भिंतीजवळच्या सूक्ष्मदर्शकापाशी गेली आन् छोटी लेन्स फिरवली. तिच्या मागं आणखी एक जण उभा राह्यला.

मार्चात तुळसाबाईच्या कागदावर सही झाली. जूनमध्ये नवं पाकीट आलं. एक नाही, चार पट्ट्यायचं. सरायनं ते उघडायच्या आधी तुळसाबाईले बोलावलं, खुर्ची दिली, आन् भिंत, फटाका, पाहुणा, सगळं सांगतलं. अर्धा तास लागला. सगळं आयकून त्यायनं एकच इचारलं, "आन् तंतू बसले तं?"

"बसू द्या."

"बसू कायले द्यायचे," त्या म्हणल्या, आन् दुसऱ्या दिवशी घरून झाकणाचा स्टीलचा डबा घेऊन आल्या. आता नव्या पट्ट्या त्यात राहतात. नयन उघड्या खिडकीजवळ डबा उघडाले गेला तं मावशी म्हणतात, "आधी खिडकी लाव बे."

आन् मी? मले एका जाड कागदावर चिकटवून भिंतीवर लावलं आहे, खाली लिहिलं आहे, सतरा. नव्या पोरायले दाखवतात, असं होऊ शकते म्हणून. कवा कवा वाईट वाटते. बहिणीयच्या खुणायपासून दीडशेचा आकडा झाला, पुस्तकात जाईन म्हणतात. माझ्या आंगावरही एकोणीस खरे गाभे आहेत, पण तेवढ्यायवरून कोणाचं आयुष्य काढता येत नाही. बावन्न मावशीच्या मायेच्या. आन् उरलेल्या साठ कोणाच्या, हे मी रोज भिंतीवर बसून आठवून पाहते. एखाद्या दिवशी वाटते सगळ्या गाभ्यायच्याच. दुसऱ्या दिवशी वाटते एकही नाही. पायलनं वहीत त्यायच्यासमोर लिहून ठेवलं आहे, सांगता येत नाही. मलेही सांगता येत नाही, मित्रांनो, आन् आंग तं माझंच आहे.

म्हणून तुम्हाले एवढंच मागते. बाकीच्या जुन्या वस्तू तुम्हाले म्हणत असतील, आमच्यावर धूळ बसली, आम्हाले पुसा. मी म्हणते, मले पुसू नका. कोणतीही वस्तू पुसायच्या आधी इचारा, हिच्यावर काय लिहिलेलं आहे. आन् ज्याले ठाऊक आहे त्यानं फडकं हातात असलेल्या माणसाले आधी बसवून सांगावं, अर्धा तास लागला तरी. माझ्यावर आता बरीच धूळ बसली आहे. तुळसाबाई रोज भिंत झाडतात, माझ्यापाशी आल्या का झाडू थांबवतात, वाकून पाहतात, आन् पुढं जातात.